गाडी वळणावर फेकते? आधी हवा बघा, मग रुंदी

साताऱ्यात हायवेलगत माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. समोरून पुणे-बंगळूर रस्ता जातो आणि पाठीमागे सगळे घाट. पसरणी, केळघर, यवतेश्वर, आंबेनळी करून आलेल्या गाड्या आमच्याकडे थांबतात. "काका, गाडी वळणावर फेकते" ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा उपायही ठरवूनच आलेला असतो: रुंद टायर. मी टायर दाखवण्याआधी खिशातलं हवा मोजायचं गेज काढतो. चारही चाकांची हवा जागेवर आल्याशिवाय रुंदीबद्दल बोलण्यात अर्थ नसतो, आणि ती जागेवर आल्यावर पुष्कळांना रुंदीची गरजच उरत नाही.

एक तरुण स्विफ्ट घेऊन आला होता, १६५/८० आर १४ टायरवाली. त्याला थेट २०५ मिलिमीटर रुंदीचे टाकायचे होते. गाडी रात्रभर उभी होती, टायर गार होते, म्हणून लगेच मोजली. पुढे २६ आणि २५ पीएसआय (हवेचा दाब पंपावर ज्या मापात सांगतात ते). मागे डावीकडे २७, उजवीकडे २१. दाराच्या चौकटीवर कंपनीचा हवेच्या आकड्यांचा स्टिकर असतो, त्यापेक्षा सगळीकडे कमी, त्यात मागच्या दोन चाकांत सहाचा फरक. मी विचारलं, "डाव्या वळणाला जास्त फेकते का रे?" तो म्हणाला, "हो, तुम्हाला कसं कळलं?" डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, आणि मागचं उजवं चाकच मऊ पडलेलं. मग शेपूट बाहेर सरकणारच. व्हॉल्व्हवर थेंबभर साबणपाणी टाकलं तर बुडबुडे आले. पिन बदलली, हवा स्टिकरप्रमाणे केली आणि यवतेश्वरपर्यंत चक्कर मारून ये म्हटलं. परत आल्यावर त्याने २०५ चा विषय काढला नाही.

जमिनीला टेकतो तेवढाच टायर

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असं सगळ्यांना वाटतं. हिशोब करून बघा. पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार धरा. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की टेकलेली जागा निघते सुमारे १३० चौरस सेंटीमीटर, तळहाताएवढी. या हिशोबात टायरची रुंदी कुठेच आलेली नाही. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, ताठपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण मुद्दा तोच: किती जागा टेकणार हे भार आणि हवा ठरवतात. रुंदी ठरवते त्या जागेचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट आणि निमुळता, रुंदाचा आखूड आणि पसरट.

मग हवा कमी करून ठसा मोठा का करू नये? २५ वर आणली तर १७० चौरस सेंटीमीटर मिळतील की! हा प्रश्न मला कॉलेजची मुलं हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. अडचण अशी की हवा कमी झाली की भार टायरच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे कडांवर, जातो आणि मधला पट्टा सैल पडतो. जागा वाढली तरी ती सारख्या दाबाने टेकलेली नसते. आणि साइडवॉल मऊ पडते, हे त्याहून वाईट.

ते का वाईट, हे समजायला शाळेतलं खोडरबर टेबलावर दाबून आडवं ढकलून बघा. ते आधी मुडपतं, मग सरकतं. टायरचंही तसंच. तुम्ही स्टेअरिंग वळवता तेव्हा रिम वळतं, पण खालचं रबर रस्त्याला धरून राहतं आणि मुडपतं. चाक जिकडे तोंड करून आहे आणि गाडी जिकडे जाते आहे, यात काही अंशांचा कोन पडतो. त्या मुडपण्यातूनच गाडीला वळवणारा जोर तयार होतो. साइडवॉल ताठ असेल, ठसा पसरट असेल तर थोड्या कोनात पुरेसा जोर मिळतो आणि स्टेअरिंगला गाडी लगेच उत्तर देते. साइडवॉल मऊ असेल तर आधी ती मुडपण्यातच वेळ जातो. चालवणाऱ्याला वाटतं, कमी वळवलं. तो आणखी वळवतो. तेवढ्यात टायर सावरतो आणि गाडी एकदम आत घुसते. घाटात याला माणसं "गाडी पोहते" म्हणतात. पोहणारी गाडी बघितली की माझा पहिला संशय हवेवर.

हवा कशी बघायची

आकडा कुठला घ्यायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, तिथला. टायरच्या अंगावर मॅक्स म्हणून ४४ किंवा ५१ छापलेलं असतं, ती त्या टायरची कमाल मर्यादा. हवा भरायचा आकडा तो नव्हे. स्टिकरवर बहुधा दोन रकाने असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. हा दुसरा रकाना कोणी वाचत नाही. पाच माणसं आणि डिकी भरून कोकणात निघालात तर वाढलेला भार मुख्यतः मागच्या चाकांवर बसतो. मागची हवा त्या रकान्याप्रमाणे वाढवली नाही तर कुंभार्ली घाट उतरताना मागची बाजू डोलणार.

मोजायचं टायर गार असताना: गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. पुण्याहून आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि ३३ चे ३६-३७ दिसतात. लोक म्हणतात, "हवा जास्त झालीय, सोडा थोडी." सोडू नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी २९-३० वर गाडी निघेल.

पंप घरापासून लांब असेल तर हे करा. स्वतःचं गेज घ्या, काही शे रुपयांत मिळतं. सकाळी घरीच मोजा आणि प्रत्येक चाकात किती कमी आहे ते लिहून ठेवा. समजा पुढच्या डाव्यात चार कमी आहे. पंपावर पोचेपर्यंत तिथे ३१ दिसोत की ३२, जे दिसेल त्यात चार वाढवायचे. पंपावरचं मशीन आणि तुमचं गेज यांत तफावत आली तर मी तरी रोज आपटल्या जाणाऱ्या नळीपेक्षा घरच्या गेजवर विश्वास ठेवीन.

हवामानाचाही हिशोब धरा. तापमान दहा अंश उतरलं की दीड-पावणेदोन पीएसआय उतरतात. मे महिन्यात दुपारी ३८ अंशांत ३३ भरून ठेवलेल्या टायरला एक थेंब गळती नसली तरी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत तो २९ दाखवेल. म्हणून थंडी सुरू झाली की एकदा, आणि उन्हाळा लागला की एकदा, गेज लावायचंच. एरवी महिन्यातून दोनदा पुरे. नायट्रोजन भरला असेल तरी हा नियम सुटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनचा खरा फायदा म्हणजे त्यात ओल नसते. फुकट मिळत असेल तर घ्या, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण यात जीव जातात. "उन्हाळा आहे, समृद्धीवर जायचंय, टायर फुटेल, हवा चार कमी ठेवा," असं सांगणारे ग्राहक मला दर एप्रिल-मेमध्ये भेटतात. हे अगदी उलटं आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, काँक्रीटचा, आणि गाड्या तासन् तास १२० च्या घरात. हवा कमी असलेल्या टायरची साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते. १५ इंची टायर १२० च्या वेगाला सेकंदाला सतरा वेळा फिरतो. प्रत्येक वेळी वाकणं, सरळ होणं, आणि त्यातून उष्णता. ती साठत जाते, आतल्या थरांची पकड सुटते आणि टायर फाटतो. तापल्यावर वाढणारे चार-पाच पीएसआय टायर सहज सोसतो, ते धरूनच तो बनवलेला असतो. वाकून तापणं सोसत नाही. म्हणून समृद्धीवर जाताना हवा स्टिकरवरच्या पूर्ण भाराच्या रकान्याप्रमाणे ठेवा, आणि टायर जुना असेल तर आधी तारीख बघा. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खांद्यापाशी बारीक चिरा दिसत असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर लांबच्या प्रवासाला नको.

दोन-दोन पीएसआयचा खेळ

स्टिकरचा आकडा ही सुरुवात. तिथून एक-दोन वर सरकून गाडीचा स्वभाव थोडा बदलता येतो. वळणावर गाडी बाहेर जाते, स्टेअरिंग वळवूनही नाक आत येत नाही, असं असेल तर पुढची हवा दोनने वाढवून बघा; नाक जरा चटपटीत होतं. मागची हवा कमी करून तोच परिणाम साधायचा मोह होईल, तो टाळा. शेपूट सुटणारी गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. मागची हवा स्टिकरच्या खाली कधीच नाही, हा माझा नियम आहे आणि मी तो गिऱ्हाइकाच्या आग्रहासाठीही मोडत नाही.

फार वरही जाऊ नका. चार-पाच जास्त भरले की टायर मध्ये फुगतो, भार मधल्या पट्ट्यावर येतो, ठसा लहान होतो. गुळगुळीत डांबरावर गाडी हलकी वाटते आणि बरं वाटतं. पण आपले घाटरस्ते पॅच मारलेले. वळणातच खडबडीत जागा आली की ताठ टायर उड्या मारतो, आणि हवेत असलेला टायर गाडी वळवू शकत नाही.

आपला आकडा बरोबर बसला का, हे बघायला शाळेचा खडू पुरतो. कोरड्या रस्त्यावर टायरच्या नक्षीवरून आडवी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाड रेघ ओढा. सरळ रेषेत शे-दीडशे मीटर सावकाश जा आणि उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली असेल तर ठीक. मध्येच पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मध्ये पांढरी राहिली तर कमी. रेडियल टायरचा पट्टा ताठ असल्यामुळे एक-दोन पीएसआयचा फरक यात दिसत नाही, पण ढोबळ चूक लगेच दिसते.

खडूपेक्षा जुनं साधन म्हणजे हात. गाडी उभी करून, स्टेअरिंग पूर्ण वळवून, पुढच्या टायरवरून तळवा आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचलं तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते माप, बिघडलाय. हवेने तो सुधारणार नाही, अलाइनमेंट करावी लागेल. दोन्ही खांदे झिजलेत तर गाडी बरेच दिवस कमी हवेवर धावली. फक्त आतला खांदा झिजला असेल तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि सस्पेन्शनचे रबरी बुश तपासा. ही तपासणी न करता रुंद टायर टाकले तर नवे टायरही त्याच रीतीने खाल्ले जातात.

पावसात

सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाशी बांधलेला आहे. अमेरिकेत नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर काम करून एक सोपं सूत्र दिलं. आपल्या मापात सांगायचं तर पीएसआयचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.७, म्हणजे ताशी किलोमीटरमधला वेग. ३६ पीएसआयला १००, २५ पीएसआयला ८३. कारच्या टायरला हे अंदाजेच लागू पडतं. नक्षी खोल असेल तर पाणी बाहेर जायला वाट मिळते आणि धोका पुढे सरकतो. पण दिशा पक्की आहे: हवा कमी असेल तर तरंगणं लवकर.

इथेच रुंदीचा तोटा कळतो. अरुंद टायर पाण्यातून वाट काढतो, रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. जुलैत हायवेवर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचतं. तिथे ८० च्या वेगाला अर्धी नक्षी झिजलेला २१५ चा टायर आणि चांगल्या नक्षीचा १८५ चा टायर यांत मी डोळे झाकून १८५ निवडीन. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, म्हणजे खाचेत मुद्दाम ठेवलेल्या छोट्या उंचवट्यापर्यंत. आपल्या पावसासाठी मी ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो.

तरीही रुंद टायर हवाच असेल तर

घ्या, जरूर घ्या, योग्य माप घेतलं तर फायदा होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी ठाम राहते, स्टेअरिंगला लवकर उत्तर मिळतं. त्या बदल्यात पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड होतं, मायलेज थोडं घटतं, आणि चाकोरी असलेल्या रस्त्यावर गाडी चाकोरीच्या मागे ओढली जाते.

माप निवडताना उंची सांभाळा. १८५/६५ आर १५ याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि साइडवॉल दोन वेळा १२०, एकूण उंची सुमारे ६२१. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा १६५/८० आर १४ असाच मोजा, ६२० येतो. कंपनीने वरच्या मॉडेलला १८५/६५ देऊन २० मिलिमीटर रुंदी वाढवली, पण उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक पडू दिला नाही. आपणही तेच करायचं. १४ च्या रिमवर १८५/७० टाकलात तर उंची ६१५ च्या आसपास, फरक एका टक्क्याच्या आत, चालेल. १५ च्या रिमवर कोणी २०५/६५ गळ्यात मारत असेल तर उंची ६४७ होते. म्हणजे मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीच्या मानाने चार टक्के पुढे, पिकअप मंद, आणि भरल्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासणार.

मग रिमची रुंदी. रिमवर ५जे, ५.५जे, ६जे असं कोरलेलं असतं. १८५/६५ साठी ५ ते ६.५ इंच चालतं. पाच इंची रिमवर २०५ चढवला तर साइडवॉल बाहेर फुगते आणि वळणावर टायर रिमवरच डुलतो. म्हणजे रुंदीसाठी पैसे मोजले आणि उत्तर मिळालं अरुंद टायरपेक्षा उशिरा. त्या स्विफ्टवाल्या तरुणाचं नेमकं हेच झालं असतं. माझा सल्ला १० मिलिमीटरचा, फार तर २०. त्यापुढे जायचं तर रिमही बदला, आणि नव्या रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुन्याशी जुळवून घ्या.

भाराचा आकडाही बघा. मापाच्या पुढे ८८ एच असं काही लिहिलेलं असतं; त्यातले ८८ म्हणजे एका टायरला कमाल ५६० किलो, एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. कंपनीच्या टायरपेक्षा कमी भाराचा आकडा कधीही घेऊ नका. आणि माप बदललं की स्टिकरच्या आकड्यापासून सुरुवात करून पुन्हा खडूची रेघ ओढा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. पुढची चाकं ओढतात, पुढे झीज जास्त, म्हणून नवे पुढे, असं पुष्कळ दुकानं करतात. पण मागे गुळगुळीत टायर असलेली गाडी ओल्या वळणावर, खंबाटकीचा जुना बोगदा संपून पुण्याकडे उतरताना येणाऱ्या एस वळणासारख्या जागी, शेपूट सोडते. पुढचे टायर घसरले तर निदान स्टेअरिंगमधून कळतं आणि पाय वर घेतला की गाडी सावरते. मागचे घसरल्याचं कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या मापाचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर नकोत, हे वेगळं सांगायला नको.

स्टेपनीचीही हवा बघत जा, आणि ती इतर चाकांपेक्षा दोन-तीनने जास्तच ठेवा. गरज पडल्यावर कमी करता येते, रस्त्यात वाढवता येत नाही. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ८०. ती लावून चालवताना एका बाजूचं चाक लवकर मुडपतं, हे लक्षात ठेवून वळणं सावकाश घ्या आणि जवळच्या पंक्चरवाल्याकडे मूळ टायरचं पंक्चर काढून घ्या.